प्रत्यक्ष पाहिले: होय

पडद्यावर सत्तेचाळीस ओळी हिरव्या आल्या आणि एक लाल.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सावळापूर उपकेंद्र, फीडर तीन, म्हणजे पिंपळखुटा गावाकडे जाणारी लाईन.

"इंगळे," मी हाक मारली, "सावळापूरचे फोटो तुम्हीच काढले ना?"

"मीच काढले मॅडम. शिडी लावून चढलो होतो." इंगळे आमच्या चाचणी विभागातले जुने तंत्रज्ञ. हातातला चहा तसाच घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

"तीन नंबरच्या सीटीवर किती लिहिलंय?"

"चारशे. दिसते न फोटोत."

"तक्त्यात दोनशे आहे."

"मंग तक्ता चुकला असंल," ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

रिलेच्या सेटिंगचा तो तक्ता उमाठे सरांचा होता. मनोहर उमाठे यांचा तक्ता चुकला असं आमच्या विभागात तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी नोकरीला लागले ती त्यांच्याच हाताखाली. रिले म्हणजे काय, तो का चुकतो, चुकला तर काय होतं, सगळं त्यांनी शिकवलं. घरात एका खोलीत बिघाड झाला तर त्या खोलीचं बटण पडावं, अख्ख्या घराचं नाही. उपकेंद्राचंही तसंच असतं. एका गावाच्या लाईनवर तार तुटली तर त्या लाईनचा रिले आधी हलला पाहिजे, मुख्य रिलेनं अर्धा सेकंद थांबून वाट बघायची. कुणी कधी हलायचं हे ठरवायला सर एकेका फीडरसाठी आलेखाच्या कागदावर दिवसभर वक्ररेषा काढत बसत. आता तेच काम कॉम्प्युटर करणार होता. नवीन प्रणाली आली होती आणि आमच्या मंडळातली सगळी उपकेंद्रं तिच्यात भरायची जबाबदारी माझ्याकडे होती. आम्ही प्रत्येक उपकरणाच्या नामपट्टीचा फोटो काढायचा, आकडे भरायचे. ती चहा होईपर्यंत अठ्ठेचाळीस फीडरांचा हिशेब मांडून कुठे ताळमेळ बिघडलाय ते दाखवायची.

सीटी म्हणजे तारेतला मोठा प्रवाह लहान करून रिलेला कळवणारं उपकरण. दोनशेची सीटी आहे असं समजून रिले लावला आणि खांबावर प्रत्यक्षात चारशेची असली, तर रिलेला खरा प्रवाह निम्माच दिसतो. तो सुस्तावतो, आणि मुख्य रिले त्याच्या आधी पडतो. सगळं उपकेंद्र बंद होतं, पण बिघाड कुठल्या लाईनवर आहे याची खूण कुठेच राहत नाही.

ती लाल ओळ मला सोडून देता येईना, कारण सावळापूरला अकरा वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं असं एक माणूस सांगत होता आणि कुणी त्याचं ऐकलं नव्हतं.

पुंडलिक काळबांडे तेव्हा तिथे ऑपरेटर होता. ऑगस्टमधली सकाळ होती. सगळं उपकेंद्र एकदम बंद पडलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे एकाही फीडरच्या रिलेचं निशाण, म्हणजे रिले हलल्याची खूण, पडलेलं नव्हतं. त्यामुळे नियमाप्रमाणे त्यानं आधी मुख्य ब्रेकर चालू केला, मग एकेक फीडर. तिसरा फीडर चालू केला तेव्हा पिंपळखुट्याजवळ तुटलेली तार संत्र्याच्या बागेच्या काटेरी कुंपणावर पडलेली होती. नरेश भोयर नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा कामावर जाताना त्या कुंपणाला टेकला होता.

चौकशीत ठरलं ते असं: तक्त्याप्रमाणे तिसऱ्या फीडरचा रिलेच आधी पडायला हवा, रिले तपासला, तो उत्तम आहे, म्हणजे निशाण पडलंच असणार, काळबांडेनं ते न बघता दाबून वर केलं आणि लाईन चालू केली. त्यानंतर त्याला पुन्हा कधी पॅनलसमोर उभं केलं नाही. तो गोदामात नटबोल्ट मोजत राहिला.

नव्या प्रणालीत एक सोय होती. जुन्या घटनेचे आकडे दिले तर त्या वेळी कुठला रिले किती सेकंदांत पडला असता ते ती दाखवायची. मी त्या सकाळचा प्रवाह भरला. मुख्य रिले आधी. फीडरचा रिले जागचा हलला नसता.

मी तशीच कार्यकारी अभियंत्यांकडे, सोनटक्के साहेबांकडे गेले. त्यांनी फोटो आणि प्रणालीचा हिशेब दोन्ही शांतपणे बघितले.

"नवीन सेटिंग आजच्या आज टाका," ते म्हणाले.

"ते टाकतेच आहे, सर. पण काळबांडे?"

"तो अजून आहे नोकरीत?"

"एकतीसला निवृत्त होतोय. सतरा दिवस राहिलेत. सध्या रजेवर घरीच असतो."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "तुम्ही लिहून द्या, मी वर पाठवतो. पण त्यात उमाठे साहेबांचं नाव येईल. त्यांना वर्तमानपत्रातून कळायला नको. आधी तुम्ही भेटून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी चौकशीची फाईल पिशवीत घालून अमरावतीला सरांच्या घरी गेले. सर व्हरांड्यात बसले होते. गुडघ्याला पट्टा बांधलेला, पण इस्त्रीचा पांढरा सदरा तसाच.

"प्रणिता, तू? कामाच्या दिवशी?"

मी सांगितलं. घरून निघताना सगळी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. फोटो पुढे केला आणि म्हटलं, "सर, तीन नंबरला सीटी चारशेची होती."

त्यांचा चेहरा कडक झाला. "त्या यंत्राला कुणी काय भरवलं तेच ते बोलणार."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही काढून बघा."

मग त्यांनी सुनेकडून कंपास आणि आलेखाचे कागद मागवले. दीड तास ते रेषा काढत राहिले. चहा आला, तो निवला. रेषा एकाही ठिकाणी हलली नाही. शेवटी दोन वक्ररेषा जिथे एकमेकींना छेदून गेल्या तिथे त्यांनी पेन्सिल टेकवली आणि ती तशीच धरून ठेवली.

"खरं सांगत होता तो," ते म्हणाले.

"त्या उन्हाळ्यात देखभालवाल्यांनी सीटी बदलल्या होत्या. पंपांचा भार वाढला म्हणून. आपल्याला कागदच आला नाही," मी म्हटलं.

"कागद नाही आला तरी दोनशे मी मनानं लिहिणार नाही." त्यांनी मान वर केली. "मी तक्ता नेहमी चाचणीच्या नोंदीवरून करायचो. ती नोंद बघ. फाईलच्या मागे जोडलेली असेल."

फाईलच्या मागचा भाग मी उघडलाच नव्हता. निकाल वाचला होता, तेवढाच. आता पानं उलटली. सावळापूर, फीडर तीन, वार्षिक चाचणी, जुलै महिना. सीटी: दोनशे. त्याच्यापुढे छापील रकाना होता, "नामपट्टी प्रत्यक्ष पाहिली का?" आणि त्यात ठळक अक्षरांत "होय".

होयमधल्या यकाराला खाली ओढलेलं लांब शेपूट होतं. मी अजूनही य तसाच काढते.

मग ती दुपार आठवू लागली. मला नोकरी लागून पाच महिने झाले होते. पॅनलवरची चाचणी मी नीट केली होती, रिले उत्तम चालत होता. नामपट्टी मात्र बाहेरच्या यार्डात, खांबाच्या वर. शिडी दुसऱ्या टोकाला पडली होती, ऊन रणरणत होतं, गाडी निघायची घाई होती. जुन्या तक्त्यात दोनशे होतं. मी ते उतरवून घेतलं.

सरांनी पान माझ्या हातातून घेतलं. त्यांना अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. पाच वर्षं त्यांनी माझ्या वह्या तपासल्या होत्या. त्यांनी ते पान फाईलमधून हळूच सोडवलं, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"तक्त्यावर सही माझी आहे," ते म्हणाले. "चौकशी समितीतही मीच होतो. तुझी अजून वीस वर्षं नोकरी आहे. माझं आता काय व्हायचंय?"

मी नको म्हटलं नाही. हे मी आजही स्वतःपासून लपवत नाही. मी नुसती मान खाली घालून बसले, आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याला सुटका याशिवाय दुसरा शब्द नाही.

"चल," सर काठी घेऊन उठले. "काळबांडेकडे जाऊ. हे त्याला माझ्या तोंडून कळायला हवं."

मोर्शीच्या पुढे काळबांडेचं लहानसं गाव. गाडीत सर मधूनमधून खिशावर हात ठेवत होते.

काळबांडे अंगणात नळाची तोटी दुरुस्त करत होता. सरांना बघून त्यानं हात पुसले आणि सवयीनं सरळ उभा राहिला. त्याची बायको सिंधूताई पाणी घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

"बस, काळबांडे," सर म्हणाले. "तू बसल्याशिवाय मला बोलता येणार नाही."

तो बसला. सरांनी एकही गोष्ट न गाळता सांगितली. चारशेची सीटी, चुकलेला तक्ता, आधी पडलेला मुख्य रिले. "निशाण पडलं नव्हतं. तू म्हणालास ते खरं होतं. मी तुला खोटं ठरवलं. चूक माझी आहे. मी तसं लिहून देणार आहे."

काळबांडे तोटी हातात फिरवत राहिला.

"साहेब, पुन्हा एकदा सांगा," तो म्हणाला. "निशाण पडलं नोतं?"

"नव्हतं."

"म्या दाबलं नाई?"

"दाबायला काही नव्हतंच."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती.

"कसं आहे साहेब," तो अगदी हळू बोलू लागला, "पहिल्या दिवशी मले पक्कं माहीत होतं. सहा वेळा विचारलं, सहाही वेळा म्या नाईच म्हटलं. सातव्या वेळी तुम्हीच विचारलं. तुमी खोटं कशाले बोलसान, असं वाटलं मले. म्हटलं, दाबलं असंल बा. अन् त्या दिवसापासून मले ते दिसाले लागलं. माहं बोट, तो खटका, सगळं. जेवाले बसलो तरी दिसते. हिले विचारा. मोठ्या पोरीच्या लग्नात अक्षता टाकाले हात उचलला, तर हातच दिसला मले. जे झालंच नाई ते अकरा वर्सं पाहून राह्यलो मी?"

सरांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"तक्ता तुमचा," काळबांडे म्हणाला, "तुमी मोठे मानूस, कबूल केलं, लय झालं. पन तुमच्यासारखा मानूस दोनशे लिहीन कसा? तेच समजत नाई मले."

"झालं खरं," सर म्हणाले. "वय होत आलं होतं."

मला ते ऐकवलं नाही. तो माणूस, ज्याचं कुणी ऐकलं नव्हतं, तो पुन्हा नेमकं विचारत होता आणि त्याला पुन्हा खोटं उत्तर मिळत होतं. आणि ते खोटं उत्तर माझ्यासाठी दिलं जात होतं.

"सरांनी नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं. चाचणीला मी आले होते. सरांनी माझ्या नोंदीवरून तक्ता केला."

"प्रणिता," सर म्हणाले.

"तो कागद द्या, सर."

त्यांनी तो लगेच दिला नाही. मग खिशातून काढून खाटेवर ठेवला. काळबांडेनं घड्या उलगडल्या, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक रकाना वाचला. माझ्या सहीपाशी त्याचं बोट थांबलं.

"वर चढल्या नोत्या तुमी?"

"नाही."

"काहून?"

"ऊन होतं. शिडी लांब होती. जुना आकडा होता, तो उतरवला."

मला वाटलं तो चिडेल. निदान सिंधूताई तरी काही बोलतील. त्यांनी फक्त रिकामा तांब्या उचलला आणि आत गेल्या. काळबांडेही उठून आत गेला. सर आणि मी खाटेवर शेजारी शेजारी बसून होतो. शाळेतली मुलं शिक्षेला बसतात तसे.

पुढचं सगळं कागदावर झालं, ते इथेच सांगून टाकते. त्याच संध्याकाळी मी अहवाल लिहिला, मूळ नोंदीसकट. सरांनी स्वतःचं वेगळं निवेदन जोडलं. निवृत्तीच्या दोन दिवस आधी काळबांडेवरचा ठपका काढल्याचं पत्र निघालं, आणि शेवटच्या दिवशी सोनटक्के साहेबांनी त्याला गोदामातून नाही, सावळापूरच्या पॅनलसमोरून निरोप दिला. माझी बढती चार वर्षं थांबली. नव्या प्रणालीत आम्ही एक अट घातली: नामपट्टीचा त्या दिवशीचा फोटो चढवल्याशिवाय ती पुढचा रकाना उघडतच नाही. लोक अजून कटकट करतात. या सगळ्याला आता नऊ वर्षं झाली.

पण त्या दिवसाचं काम तेवढ्यावर संपलं नव्हतं.

काळबांडे बाहेर आला तेव्हा त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

"चला मॅडम," तो म्हणाला. "पिंपळखुट्याले जाऊ. नरेशची माय आहे अजून. मी अकरा वर्सांत त्या गावची वेस पाह्यली नाई. बाजाराले जातो तरी फेऱ्यानं जातो. मी सांगतलं तर तिले खरं वाटनार नाई. तुमी सांगा."

सर उठू लागले.

"साहेब, तुमी गाडीतच बसा तिथं," काळबांडे म्हणाला. "गुडघा दुखते तुमचा. अन् हे मॅडमलेच सांगू द्या."

पिंपळखुट्यात त्याला वाट विचारावी लागली नाही. कुडाचं घर होतं, पुढचा भाग नुकताच सारवलेला. नरेशची आई अनसूयाबाई ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडत होत्या. त्यांनी वर बघितलं, काळबांडेला ओळखलं, आणि त्यांचे हात थांबले.

"काहून आला?"

"मावशी, ह्या मॅडमले तुमाले काई सांगायचं आहे."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. सीटी, रिले हे शब्द मला तिथे वापरता आले नाहीत आणि ते बरंच झालं. "तार पडली तेव्हा यंत्रानं ती लाईन ओळखून बंद करायची होती, बाई. त्यानं ओळखली नाही. त्यामुळे यांना कळायचा काही मार्गच नव्हता. यांनी काही लपवलं नाही, काही दाबलं नाही. यंत्राला आकडा चुकीचा दिलेला होता. तो मी लिहिला होता. वर चढून बघायला हवं होतं. मी न बघता लिहिला."

"तू लिवला?"

"हो."

"अन् याचा दोष नाई?"

"काहीच नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. काळबांडेकडे त्या इतका वेळ बघत राहिल्या की त्याला नजर खाली करावी लागली.

"अकरा वर्सं," त्या म्हणाल्या, "रोज दिवा लावला की तुया नावानं बोटं मोडली म्या. तुले लेकरं हायेत?"

"दोन पोरी आहेत, मावशी."

"बऱ्या हायेत?"

"हाव. बऱ्या आहेत."

"दोघी बी?"

"दोघी बी. लहानीले आता पोरगा झाला."

त्यांच्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, कुणाला ते मला कळलं नाही. मग ओट्यावरची तूर हातानं सारून जागा केली.

"बस," त्या काळबांडेला म्हणाल्या.

तो बसला आणि रडू लागला. त्या त्याच्याकडे न बघता त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मी उभी होते. मला निघून जाता येत नव्हतं आणि तिथे थांबायचा हक्कही वाटत नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"तुले लेकरू हाय?"

"एक मुलगा आहे."

"केवढा?"

"नऊ वर्षांचा."

त्या काही बोलायला गेल्या असाव्यात. माझ्याकडे बघता बघता त्यांचे ओठ मिटले. मी वाट बघत होते. जे काही येईल ते ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं. त्यांनी सूप ओढून परत मांडीवर घेतलं.

"जाय घरी," त्या म्हणाल्या. "वाट पाह्यत असंल तुयी."